पेसमेकर बसवलेला कामगार कामावर परततो तेव्हा: चुंबकीय क्षेत्राची तपासणी कोणत्या क्रमानं करायची

बहुतेक ठिकाणी सुरुवातच उलटी होते. ऑपरेशन झालेला माणूस फिटनेसचा कागद घेऊन येतो. कुणीतरी मीटर मागवतं, मशीनपाशी धरतं, आकडा कामगारांसाठीच्या मर्यादेच्या आत दिसतो, रिपोर्ट फाइलला लागतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस आपल्या जुन्या जागेवर उभा. यात तीन चुका झाल्या. छातीत नेमकं काय बसवलंय ते कुणी विचारलं नाही. मीटर कुठे आणि कधी धरायचं ते कुणी ठरवलं नाही. आणि आलेला आकडा भलत्याच मर्यादेशी ताडून पाहिला.

दुसरं टोकही तितकंच चुकीचं: 'पेसमेकर आहे ना, मग मशीनकडे फिरकायचंच नाही' म्हणून चांगल्या फिटरला रजिस्टर लिहायला बसवायचं. नीट तपासलं तर बरीच कामं थोड्या फेरफारानं करता येतात.

खालचा क्रम सेफ्टी ऑफिसर, सुपरवायझर आणि स्वतः कामगार अशा तिघांसाठी आहे. वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचाच. त्या निर्णयाला लागणारी माहिती डॉक्टरांकडे नसते, ती जमवून देणं आपलं काम.

## आधी एवढं डोक्यात पक्कं करा

पेसमेकर हृदयाकडे कान लावून बसलेला असतो. ठोका आपसूक पडला तर गप्प राहतो, नाही पडला तर स्वतः स्पंद देतो. हृदयातून त्याच्या लीडला, म्हणजे डबीपासून हृदयात सोडलेल्या वायरला, मिळणारा संकेत असतो जेमतेम काही मिलिव्होल्टचा. अडचण अशी की बदलतं चुंबकीय क्षेत्र लीडच्या वेटोळ्यातून गेलं की त्या वेटोळ्यातही व्होल्टेज तयार होतं.

किती, याचा ढोबळ हिशेब करून पाहा. यंत्राची डबी, लीड आणि मधलं शरीर मिळून २०० चौरस सेंटिमीटरचं वेटोळं धरा. त्यातून ५० हर्ट्झचं १०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र आरपार गेलं, तर साधारण ०.६ मिलिव्होल्ट निर्माण होतात. १००० मायक्रोटेस्लाला सहा मिलिव्होल्ट. हृदयाच्या वरच्या कप्प्यातले संकेत ऐकण्यासाठी यंत्र अनेकदा ०.५ मिलिव्होल्टच्या आसपास लावलेलं असतं. यंत्रात फिल्टर असतात, शिवाय बायपोलर लीडची दोन्ही टोकं हृदयातच जवळजवळ असल्यामुळे तिचं वेटोळं फार लहान भरतं. त्यामुळे प्रत्यक्षात बऱ्याचदा यापेक्षा कमीच व्होल्टेज यंत्रापर्यंत पोचतं. पण 'मशीनचा गोंगाट' आणि 'हृदयाचा ठोका' किती एकाच मापाचे असू शकतात, ते यावरून कळेल.

बिघाड चार तऱ्हेचे होतात:

- बाहेरचा गोंगाट ठोका समजून पेसमेकर गप्प बसतो. ज्याचं हृदय पूर्णपणे यंत्रावर चालतं त्याला काही सेकंदांत चक्कर येते.
- यंत्राला गोंगाट ओळखू येतो आणि ते ठरावीक गतीनं स्पंद देत राहतं. हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार.
- शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, गोंगाटाला जीवघेणी लय समजतं आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला शॉक देतं. तो माणूस त्या वेळी शिडीवर असेल तर पुढचं सांगायला नको.
- स्थिर चुंबक जवळ आला की पेसमेकर साधारणपणे ठरावीक गतीवर जातो. आयसीडीचं शॉक देणं मात्र थांबतं, आणि बऱ्याचदा माणसाला काहीच जाणवत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच प्रकाराची वाटते.

माणूस त्या क्षेत्रातून बाहेर पडला की यंत्र बहुधा आपोआप पूर्ववत होतं. त्यामुळेच पुढच्या सगळ्या टप्प्यांत अंतराला एवढं महत्त्व आहे.

## टप्पा १: मीटरच्या आधी कार्ड

इम्प्लांट बसवल्यावर रुग्णाला ओळखपत्र देतात. त्यावर कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि बसवल्याची तारीख असते. सुरुवात तिथून करायची. ही माहिती कामगाराची आहे, त्याची लेखी संमती घ्या आणि कामापुरतीच मागा. हृदयाचा आजार कशानं झाला, कुठली गोळी चालू आहे, याच्याशी शॉपफ्लोअरचा काही संबंध नाही.

यानंतर डॉक्टरांना पत्र. इथे हमखास चूक होते. 'हा कामगार काम करू शकतो का?' असं विचारलं की उत्तर येतं, 'तीव्र चुंबकीय क्षेत्र टाळावे.' हे वाक्य कुणाच्याही कामाचं नाही, कारण तीव्र म्हणजे किती हे त्यात नाही आणि तुमच्याकडे कोणती मशीन आहेत हे डॉक्टरांना माहीत नाही. प्रश्न असे विचारा:

१. यंत्र कोणतं: पेसमेकर, आयसीडी की दोन्ही कामं करणारं?
२. सेन्सिंग, म्हणजे हृदयाचा संकेत ऐकणं, बायपोलर (दोन्ही टोकं हृदयात) लावलंय की युनिपोलर (एक टोक हृदयात, दुसरं म्हणजे डबी)? लीड बायपोलर असूनही यंत्र युनिपोलरवर लावलेलं असू शकतं, म्हणून नुसती लीडची जात विचारून भागत नाही.
३. संवेदनशीलता किती मिलिव्होल्टवर ठेवली आहे? वरच्या आणि खालच्या कप्प्याची वेगवेगळी सांगा.
४. यंत्र थांबलं तर रुग्णाचं हृदय स्वतःहून चालतं का?
५. चुंबक जवळ आल्यावर हे यंत्र नेमकं काय करतं?
६. कामावर परतायची, हात खांद्याच्या वर नेण्याची आणि वजन उचलण्याची मुभा कधीपासून?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर जास्तीचं अंतर राखा. शेवटचा प्रश्न चुंबकाचा नाही, पण विसरू नका. नवी लीड हृदयात पक्की बसायला काही आठवडे लागतात.

त्याच वेळी यंत्राच्या निर्मात्याकडे मॉडेल नंबर देऊन क्षेत्राच्या मर्यादा लेखी मागवा. निर्मात्यांच्या तांत्रिक विभागाला असे प्रश्न नवे नसतात. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून पत्र पहिल्याच दिवशी जाऊ द्या.

सावधान: 'माझं यंत्र एमआरआयला चालतं' हे कामगार फार विश्वासानं सांगतो. त्याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या अटींवर, यंत्र खास मोडवर टाकून, देखरेखीखाली तपासणी करता येते. फर्नेसपाशी उभं राहताना यंत्र रोजच्या मोडवर असतं. ती पाटी इथे लागू नाही.

इम्प्लांट म्हणजे फक्त हृदयाचं, असंही धरू नका. कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूला किंवा मज्जारज्जूला स्पंद देणारी यंत्रं, पोटातले औषधाचे पंप, अंगावर लावलेला इन्सुलिन पंप, हे सगळे याच यादीतले. मेंदूतलं पाणी वाहून नेणाऱ्या काही शंटचा झडप-दाब चुंबकानं लावतात, म्हणजे दुसऱ्या चुंबकानं तो बदलूही शकतो. हाडातली पट्टी, खुब्याचा सांधा यांत इलेक्ट्रॉनिक काही नसतं, पण मोठ्या चुंबकाजवळ ओढ आणि इंडक्शन हीटिंगजवळ तापणं हे दोन प्रश्न उरतातच.

## टप्पा २: कामगाराला सोबत घेऊन फेरी

ही यादी ऑफिसात बसून लेआउटवरून होत नाही. माणूस गेटपासून कपाटापर्यंत, कपाटापासून मशीनपर्यंत, तिथून कँटीनपर्यंत कुठून चालतो, ते त्याच्यासोबत चालून पाहा. वाटेत लागणारं प्रत्येक साधन लिहा:

- आर्क वेल्डिंग, स्पॉट वेल्डिंग, प्लाझ्मा कटिंग
- इंडक्शन फर्नेस, इंडक्शन हार्डनिंग, बेअरिंग तापवायचा हीटर
- चुंबकीय क्रेन, मॅग्नेटिक चक, चुंबकीय गाळण्या, डीमॅग्नेटायझर (वस्तूतलं चुंबकत्व काढायचं मशीन), चुंबकीय कणांनी तडे शोधायचं मशीन
- ट्रान्सफॉर्मर, बसबार, मोठ्या मोटारी, जनरेटर, इलेक्ट्रोप्लेटिंग आणि इलेक्ट्रोलिसिसच्या टाक्या
- प्लॅस्टिक सील करणारी रेडिओलहरींची मशीनं, वॉकी-टॉकी, अँटेना
- गेटवरच्या चोरी रोखणाऱ्या कमानी, धातुशोधक, कार्ड रीडर

आणि छोट्या गोष्टी. खिशातला चुंबकी टॉर्च, नटबोल्ट चिकटून राहावेत म्हणून मनगटाला बांधलेला पट्टा, ओळखपत्राची चुंबकी क्लिप, पाठीमागे चुंबक असलेला फोन. दहा टनी फर्नेसला सगळे घाबरतात, पण छातीला टेकते ती ही क्लिप.

एका ठिकाणी सगळी रीडिंग चोख असूनही एका कामगाराच्या इम्प्लांटच्या मेमरीत गोंगाटाच्या नोंदी सापडत होत्या, दर आठवड्याला साधारण त्याच वारी. शोध घेतला तेव्हा कळलं, की या माणसाचं टेबल ज्या भिंतीला लागून होतं तिच्या पलीकडे टूलरूमचा डीमॅग्नेटायझर होता आणि तो आठवड्यातून एकदाच चालायचा. आम्ही फेरी मारली होती, पण भिंतीच्या अलीकडूनच. तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये एक ओळ कायम आहे: 'भिंतीच्या, फरशीच्या आणि छताच्या पलीकडे काय?'

तपासा: रात्रपाळीत वेगळी मशीनं चालतात का? मेंटेनन्सच्या वेळी कव्हर उघडून काम होतं का? कंत्राटदार स्वतःचं वेल्डिंग मशीन आणतो का? तिन्हींची उत्तरं यादीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: तीन ढीग करा

प्रत्येक गोष्ट मोजत बसायची गरज नाही.

पहिला ढीग: संगणक, दिवे, फोटोकॉपी मशीन, साधी हातातली अवजारं छातीपासून हातभर दूर. यांना निर्मात्याच्या पुस्तिकेत बहुधा सरळ मुभा असते. दुसरा ढीग: पुस्तिकेत ठराविक अंतर दिलेल्या वस्तू. मोबाइल फोन १५ सेंटिमीटरवर, वायरलेस चार्जर ३० सेंटिमीटरवर, वगैरे. इथे अंतर पाळलं की झालं. तिसरा ढीग: ज्यांच्याबद्दल पुस्तिका 'टाळा' किंवा 'विचारा' म्हणते, किंवा काहीच म्हणत नाही. मोजणी फक्त या ढिगाची.

युरोपातल्या ईएन ५०५२७ या मानकाचा सांगाडाही साधारण असाच आहे: आधी साधनांची यादी, मग गरज पडली तरच त्या विशिष्ट माणसाचं मूल्यमापन.

## टप्पा ४: मोजणी

इथे जरा थांबून वाचा. वाया गेलेले रिपोर्ट मी पाहिले ते बहुतेक याच टप्प्यावर वाया गेले होते.

मीटर कुठलं? एक मीटर सगळं मोजत नाही. स्थिर क्षेत्राला हॉल प्रोबचा गॉसमीटर लागतो. ५० हर्ट्झला कमी वारंवारतेचा, तिन्ही अक्षांवर एकदम मोजणारा मीटर. इंडक्शन मशीन काही किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंत कुठेही चालतात, प्लॅस्टिक सीलिंग बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झवर. ५० हर्ट्झचा मीटर सीलिंग मशीनजवळ धरला तर तो शून्य दाखवेल, आणि ते शून्य रिपोर्टमध्ये जाईल. म्हणून आधी मशीनच्या पाटीवर वारंवारता पाहा, मग मीटर मागवा. फोनवरच्या ॲपनं केलेली मोजणी कागदावर घेऊच नका.

सरासरी की शिखर? स्पॉट वेल्डिंगमध्ये हजारो अँपिअरचा करंट सेकंदाच्या छोट्या भागापुरता वाहतो. सावकाश सरासरी काढणारं मीटर तो ठोका पुसून टाकतं. इम्प्लांट मात्र सरासरी ऐकत नाही, ठोकेच ऐकतं. त्यातून मशीन सेकंदाला एक-दोन स्पॉट या गतीनं चालत असेल, तर ती गती नाडीच्या गतीशी जुळते आणि फिल्टरला फसवणं सोपं जातं. शिखर मोजणारं मीटर घ्या आणि स्पॉटची गतीही लिहून ठेवा.

कोणत्या स्थितीत? मशीन त्याच्या नेहमीच्या सगळ्यात जास्त लोडवर. सुरू होताना, चालताना, बंद होताना, तिन्ही वेळा.

कुठे? इम्प्लांट जिथे असतं तिथे. पेसमेकरसाठी छातीच्या उंचीवर, वाकून काम करत असेल तर वाकल्यावर छाती जिथे येते तिथे. माणूस बेअरिंग उचलायला वाकतो तेव्हा त्याची छाती हीटरच्या अगदी जवळ जाते, आणि मोजणारा मात्र ताठ उभा राहून रीडिंग घेतो. प्रोब लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या स्टँडवर लावा.

थांबा: मोजणीच्या वेळी इम्प्लांट असलेला माणूस त्या जागी उभा नको. त्यानं कामाची पद्धत आधी मशीन बंद असताना दाखवायची आणि बाहेर जायचं. मोजणाऱ्यालाही इम्प्लांट नाही ना, हे विचारा. हसू नका, हा प्रश्न राहून जातो.

रीडिंग लांबून जवळ घेत या: दोन मीटर, एक मीटर, अर्धा मीटर, कामाची जागा. चार आकड्यांवरून क्षेत्र कसं उतरतं ते दिसतं. लहान चुंबक किंवा कॉइल असेल तर थोडं लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण आठव्या भागावर येतं. जाणारी-येणारी केबल एकमेकींना चिकटून असेल तर चौथ्या भागावर. एकटी केबल असेल तर फक्त निम्म्यावर. एकट्या केबलला म्हणूनच जपायचं.

## टप्पा ५: आकडा कशाशी ताडायचा?

कामगारांसाठीच्या मर्यादेशी नाही. ही ओळ भिंतीवर लावली तरी चालेल.

त्या मर्यादा निरोगी शरीरातल्या नसा आणि ऊतींचा विचार करून ठरवल्या आहेत. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगानं २०१० मध्ये ५० हर्ट्झला कामगारांसाठी १००० मायक्रोटेस्ला आणि सर्वसाधारण लोकांसाठी २०० मायक्रोटेस्ला ही पातळी सुचवली. युरोपच्या १९९९ च्या शिफारशीत लोकांसाठीचा आकडा १०० मायक्रोटेस्ला आहे. युरोपीय संघाचा २०१३ चा ३५ क्रमांकाचा निर्देश इम्प्लांटधारकांना सरळ 'विशेष जोखमीचे कामगार' या गटात टाकतो आणि त्यांचा वेगळा विचार करायला सांगतो. वरच्या हिशेबातले सहा मिलिव्होल्ट आठवा. ते याच १००० मायक्रोटेस्लाचे होते.

ताडायचा क्रम असा:

१. निर्मात्यानं त्या मॉडेलसाठी लेखी दिलेली मर्यादा. ती असेल तर तीच.
२. ती नसेल तर लोकांसाठीची १९९९ ची पातळी, म्हणजे ५० हर्ट्झला १०० मायक्रोटेस्ला. यंत्र नेहमीच्या सेटिंगवर असेल तरच हे गृहीत चालतं. संवेदनशीलता खूप वाढवली असेल किंवा सेन्सिंग युनिपोलर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
३. स्थिर क्षेत्रासाठी ०.५ मिलिटेस्ला, म्हणजे ५ गॉस. एमआरआयच्या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीनं ही रेषा ०.९ मिलिटेस्लावर नेली आहे. शॉपफ्लोअरवर मी अजूनही ०.५ च धरतो, कारण तिथे रेषेवर उभा राहणारा माणूस एका जागी स्थिर नसतो.

वारंवारता बदलली की मर्यादाही बदलते. १०० मायक्रोटेस्ला हा आकडा ५० हर्ट्झचा आहे, तो इंडक्शन हीटरला लावू नका.

तपासा: रिपोर्टमध्ये प्रत्येक रीडिंगपुढे एकक, वारंवारता, अंतर, लोड आणि 'सरासरी की शिखर' हे पाचही लिहिलंय का? एक गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. एककाच्या घोळानं दहापट-शंभरपट चूक सहज होते.

## टप्पा ६: जागेची आणि कामाची मांडणी

आकडा जास्त आला म्हणजे लगेच बदली नाही. आधी अंतर, मग मशीनची जागा, मग कामाची पद्धत, मग कामाची वाटणी. शिशाचा एप्रन किंवा 'रेडिएशन रोखणारं' जॅकेट यांवर पैसे घालू नका, कमी वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं.

आर्क वेल्डिंगचं उदाहरण बारकाईनं पाहू, कारण नेमकं तेच विचारतात. वेल्डर उभा आहे, २०० अँपिअर चालू आहे, केबलचं वजन हातावर येऊ नये म्हणून त्यानं ती खांद्यावरून मागे सोडली आहे. वर्षानुवर्षांची सवय. आता त्या एकट्या केबलपासून ८ सेंटिमीटरवर क्षेत्र होतं ५०० मायक्रोटेस्ला, म्हणजे बरोबर ०.५ मिलिटेस्ला. पेसमेकर सहसा गळपट्टीच्या हाडाखाली असतो, खांद्यावरच्या केबलपासून तेवढ्याच अंतरावर. तीच केबल ६० सेंटिमीटरवर नेली की उरतात ६७ मायक्रोटेस्ला. मशीन तेच, करंट तोच, फक्त केबल खांद्यावरून खाली आली.

म्हणून वेल्डिंगला डॉक्टरांची परवानगी असेल तर:

- आर्क आणि इम्प्लांट यांत किमान ६० सेंटिमीटर. कोपर सरळ ठेवूनच हे जमतं, त्यामुळे वाकून, अडचणीत घुसून करायची कामं दुसऱ्याकडे.
- होल्डरची आणि अर्थची केबल एकत्र बांधा, पीळ दिला तर उत्तम. दोन्हींतले करंट उलट दिशेनं वाहतात आणि क्षेत्र एकमेकांना मारतं.
- अर्थ क्लॅम्प जोडाच्या शक्य तितका जवळ, त्याच तुकड्यावर. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंटच्या वाटेत माणूस येतो.
- उरलेल्या केबलची गुंडाळी अंगाजवळ किंवा पायाशी नको. दहा वेटोळी म्हणजे मध्यभागी दहापट क्षेत्र.
- मशीन शरीरापासून लांब ठेवा, त्यावर रेलू नका.
- आर्क पेटत नसेल तर भराभर ठोकत बसू नका, दोन प्रयत्नांमध्ये काही सेकंद जाऊ द्या. सारखी टकटक यंत्राला ठोक्यांसारखी ऐकू येऊ शकते.
- कोरडे हातमोजे, कोरडे बूट, कोरडी फरशी.
- एकट्यानं काम नाही. चक्कर आली तर लगेच होल्डर खाली आणि माणूस बाजूला.

करंटची वरची मर्यादा निर्मात्यागणिक वेगळी असते, अनेक पुस्तिकांत ती १३० ते १६० अँपिअरच्या दरम्यान दिसते. वरच्या उदाहरणातले २०० अँपिअर तिथेच बाद होतात. आपल्या मॉडेलचा आकडा पाहा.

इंडक्शन फर्नेस, चुंबकीय क्रेन, इलेक्ट्रोलिसिसच्या टाक्या यांच्याभोवती मोजणीतून आलेली रेषा फरशीवर रंगवा, अंदाजानं आखू नका. पाटी आयएसओ ७०१० मधली: हृदयातलं यंत्र असलेल्यांना मनाईसाठी पी००७, धातूचं इम्प्लांट असलेल्यांसाठी पी०१४. पी००७ वर हृदयाचं चित्र असतं. कॉक्लिअर इम्प्लांट असलेला माणूस ते पाहून आपल्याला लागू नाही असं समजून पुढे जातो, म्हणून खाली मराठीत एक ओळ लिहा. आणि पाटी रेषेवर लावा, मशीनच्या अंगावर नको. मशीनवरची पाटी वाचायला माणूस रेषा ओलांडूनच येतो.

गेटच्या कमानीतून नेहमीच्या चालीनं सरळ जायचं. तिथे उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत, टेकायचं तर नाहीच.

## टप्पा ७: देखरेखीखाली चाचणी

कागदावर सगळं जुळलं पण काठावर जुळलं, किंवा यंत्रावर पूर्ण अवलंबून असलेला माणूस आहे, किंवा आयसीडी आहे, तर प्रत्यक्ष चाचणी. ही डॉक्टर ठरवतात आणि त्यांच्या माणसाच्या हजेरीतच होते. जागेवर डिफिब्रिलेटर (हृदयाला बाहेरून शॉक देणारं यंत्र) आणि तो वापरता येणारा माणूस हवा.

क्रम: सुरुवातीला यंत्राची मेमरी वाचून घ्या. पुढे मशीन बंद, मग रिकामं चालू, मग पूर्ण लोडवर. प्रत्येक वेळी माणूस लांबून जवळ येईल, शेवटी नेहमीच्या जागेवर नेहमीचं काम करील. ईसीजी चालू राहील. शेवटी मेमरी पुन्हा वाचायची.

यातली एक बारीक गोष्ट सगळं फुकट घालवते: इम्प्लांटचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ. दोन्हींत सात मिनिटांचा फरक असेल तर मेमरीतली नोंद स्पॉट वेल्डिंगची की चहाच्या सुट्टीतली, ते ठरवता येत नाही. चाचणीआधी फरक लिहून ठेवा आणि प्रत्येक मशीन चालू-बंद केल्याची वेळ एकाच घड्याळानं नोंदवा.

सावधान: 'मला काही जाणवलं नाही' हा पुरावा नाही. यंत्र मोड बदलतं तेव्हा बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. निकाल मेमरी आणि ईसीजीवरून काढा.

## टप्पा ८: कार्ड, साथीदार आणि आणीबाणी

निर्णय एका पानात लिहा: कुठली कामं चालतील, कुठली नाहीत, कुठल्या मशीनपासून किती अंतर. 'योग्य ती काळजी घ्यावी' हे वाक्य दिसलं तर खोडा. एक प्रत कामगाराकडे, एक सुपरवायझरकडे, आणि पाळी बदलताना नव्या सुपरवायझरला तोंडी सांगणं. साथीदारांना किती सांगायचं ते कामगाराला विचारून ठरवा, पण निदान एकाला पुढचं माहीत हवं:

१. चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शॉक बसला तर माणसाला मशीनपासून लांब न्या किंवा मशीन बंद करा. बंद बटण कुठे आहे ते आजच दाखवून ठेवा.
२. आराम पडला तरी काम पुन्हा सुरू नाही. डॉक्टरांना कळवा, यंत्र तपासून घ्या.
३. बेशुद्ध असेल, श्वास नीट नसेल, तर मदत बोलवा आणि छातीवर दाब देणं सुरू करा. इम्प्लांट आहे म्हणून थांबू नका. आयसीडीनं शॉक दिला तर दाब देणाऱ्याला झिणझिण्या जाणवतील, त्यानं इजा होत नाही.
४. डिफिब्रिलेटरचा पॅड इम्प्लांटच्या फुगवट्यावर चिकटवायचा नाही, किमान ८ सेंटिमीटर बाजूला.
५. 'चुंबक धरून बघू' असला प्रयोग कुणी करायचा नाही.

## टप्पा ९: कागद कधी रद्द होतो

तपासणीवर तारीख असते, म्हणून लोक ती वर्षभर चालते असं समजतात. खरं तर ती पुढीलपैकी काहीही घडलं त्याच दिवशी संपते: नवं मशीन आलं, जुनं हललं, केबलची वाट बदलली, करंट वाढवला, कामगाराची जागा किंवा पाळी बदलली. दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीत संवेदनशीलता किंवा मोड बदलला तरी संपते, आणि हे शॉपफ्लोअरला कुणीच कळवत नाही. त्यासाठी कामगाराच्या कार्डाच्या मागे दोन ओळी छापा: 'आज सेटिंग बदललं का? बदललं असल्यास जुना आणि नवा आकडा.' डॉक्टर त्या भरून देतात.

बॅटरी संपत आली की बहुधा अख्खी डबी बदलतात. मॉडेल नवं, मर्यादा नव्या, लीड मात्र बऱ्याचदा जुनीच. माणूस टाके काढून आठवड्या-दोन आठवड्यांत परत येतो, 'तेच आहे, फक्त सेल बदलला' म्हणतो, आणि जुना कागद पुढे चालू राहतो. त्याच्याकडून नवं ओळखपत्र मागून घ्या आणि टप्पा एकपासून पुन्हा सुरुवात करा.